साखळी ताणली की

उन्हं कलायला लागली होती. पाटलांचा ड्रायव्हर जगदेव गोठ्याच्या सावलीत मोटारीच्या मागच्या चाकात हवा भरत होता, तेव्हा शेतावरचा सालदार रामकिसन धापा टाकत आला.

"पाटलानं गाडी बलावली," तो म्हणाला. "लाकडं ओढाची साखयी घे. आन शिकारीचा दिवाही घे. लखमा इहिरीत दबला."

जगदेवनं हवेचा पंप तिथंच टाकला. साखळी मागच्या सीटवर टाकताना तिचं कडं त्याच्या बोटावर आपटलं, पण बोट ठणकतंय हे त्याला पार शेताच्या वाटेला लागल्यावर कळलं.

रिठदच्या शिवारात उकंडराव पाटील नवी विहीर खणवून घेत होते. काम मानोऱ्याकडच्या एका तांड्यातल्या माणसांनी घेतलं होतं. लखमा त्यांचा म्होरक्या. त्याच्यासोबत त्याचा धाकटा भाऊ हेमला, बायको हिरीबाई आणि तांड्यातली आणखी काही माणसं. होळी झाल्यापासून ही मंडळी शेतातच पालं टाकून राहिली होती. माती संपून खडक लागला होता आणि आता सुरुंग उडत होते. त्या दिवशी सकाळच्या सुरुंगानं खडकाच्या फटीतून पाणी फुटलं. सगळे खूश झाले. दुपारी फुटलेले दगड टोपल्यांत भरायला लखमा आणि दोघं जण खाली उतरले आणि वरची एक बाजू ढासळली. ते दोघं दोर धरून कसेबसे वर आले. लखमाच्या डाव्या पायावर मोठी शिळा येऊन बसली होती. आणि सकाळी ज्याचं एवढं कौतुक झालं ते पाणी आता त्याच्याभोवती चढत होतं.

जगदेवनं गाडी बांधावरून आत घातली तसे उकंडराव हात वर करून समोर आले. पन्नाशीचा थोराड माणूस, बंडी मातीनं भरलेली, हात सोलून निघालेले.

"अथीच थांब. जोळ नको आनू. काठाले भेग गेली हाय."

"माणसं लावून ओढता नाई का येत?"

"माणसं कोठी उभी करू? काठावर पाय देला की माती खाल्ती जाते. बैलं लावून पाह्यली. दगड उचलला आन चाकावर दोर तुटला." उकंडरावांनी तोंडावरून हात फिरवला. "दगड पुन्हा त्याच्याच पायावर बसला."

विहिरीच्या तोंडावर दोन खांब रोवून त्यांवर आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा आडवा टाकलेला होता. त्याला टोपल्या ओढायचं लोखंडी चाक टांगलेलं. त्या चाकाखाली, काठावर पोटावर पडून हिरीबाई खाली बोलत होती. आपल्या बोलीत, अगदी सावकाश, मुलाला झोपवताना बोलतात तशा आवाजात. मधूनच खालून लखमाचं उत्तर येत होतं. शब्द कळत नव्हते, पण माणूस शुद्धीवर आहे एवढं कळत होतं.

जगदेव तिच्याजवळ रांगत गेला आणि खाली पाहिलं. वरच्या निम्म्या भागात ऊन होतं. त्याखाली काहीच नाही. ढासळलेले दगड एकमेकांवर कलंडले होते, त्यांच्या आडोशाला लखमा, आणि तिथवर उजेड पोचतच नव्हता. फुटलेल्या बाजूतून पाणी ठिबकत होतं. कंदील खाली सोडला होता, पण तापलेल्या काचेवर थेंब पडले आणि काच तडकली.

"पानी कोठवर आलं?" त्यानं विचारलं.

"कमरेच्या वर," हिरीबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मघा मांडीले होतं."

जगदेव उठला. लढाईच्या काळात तो पलटणीत ट्रक चालवत होता, आसामच्या बाजूला. चिखलात रुतलेले ट्रक साखळीनं ओढून काढायचं काम त्यानं पुष्कळ केलं होतं. गाडी हळू चालवली तर बैलांसारखा हिसका बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं गाडी विहिरीकडे पाठ करून लांब उभी केली. साखळीचं एक टोक गाडीच्या मागच्या बाजूला, खालच्या लोखंडी सांगाड्याला आवळलं. दोर चाकावरच तुटला होता, म्हणून चाकावरून साखळी नेली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मोटेचा नवा नाडा, म्हणजे जाड दोर, दुहेरी करून बांधला. तो नाडा खाली दगडाला अडकवायचा होता.

राहिला दिवा. उकंडरावांचा शिकारीचा दिवा हातात धरायचा होता, गाडीच्या विजेवर चालणारा. त्याची वायर आखूड होती. गावात सभेला भोंगा लावत, त्याची लांबच लांब वायर रामकिसन पळत जाऊन घेऊन आला. जगदेवनं दोन्ही वायरी जोडल्या, सांध्यावर चिंधी गुंडाळली. हेमला दुसऱ्या दोरानं दिवा घेऊन खाली उतरला. वायर लोंबकळून दगडात अडकू नये म्हणून वर तिचा रुळाला एक वेढा दिला.

दिवा लागला तसा खालून हेमलाचा आवाज आला. हिरीबाईनं मान वळवली. "दिसते म्हनते. दगडाची कोर दिसते. नाडा लावून राह्यला."

मग तिनं, उकंडरावांनी आणि जगदेवनं आपसात ठरवलं. तिचा हात वर झाला की ओढायचं, खाली आला की थांबायचं. जगदेवला गाडीतल्या आरशातून तिचा हात दिसत होता. विहिरीचं बाकी काही दिसत नव्हतं.

हात वर झाला.

त्यानं गाडी पहिल्या गेअरमध्ये टाकून क्लच अगदी केसाएवढा सोडला. साखळी जमिनीवरून उचलली गेली, ताणली, गाडीची पाठ खाली दबली. चाकं काळ्या मातीत जराशी फिरली आणि धरली. गाडी वीतभर पुढं गेली. उकंडराव ओरडले, "उचलला."

आणि हिरीबाईचे दोन्ही हात एकदम हवेत फिरले. "दिवा गेला. दिवा गेला."

त्याच वेळी जगदेवच्या कानाला काहीतरी खटकलं. ह्या गाडीत टाकीतलं पेट्रोल इंजिनपर्यंत ढकलणारा पंप विजेवर चालायचा, आणि चालू असताना सारखा टकटक वाजायचा. ती टकटक थांबली होती. इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. त्यानं हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी बोटभर मागं सरकली.

विहिरीतून एक किंकाळी आली. नंतर काहीच नाही. नंतर हिरीबाईचं बोलणं, तसंच सावकाश.

जगदेवनं चाकांमागं दगड लावले आणि बॉनेट उघडलं. फ्यूजची पेटी समोरच होती. फ्यूज म्हणजे काचेच्या बारक्या नळीतली तार. कुठं गडबड होऊन जास्तीची वीज धावली की ती तार आधी वितळते आणि बाकीची गाडी वाचते. पेटीत दोन फ्यूज होते. एकावर पेट्रोलचा पंप होता आणि शिकारीचा दिवाही त्यावरच जोडलेला. तो काळा पडला होता.

"काय झालं?" उकंडराव येऊन उभे राहिले.

"फ्यूज उडला. दिवा आन पंप एकाच फ्यूजवर हाय. दिवा गेला की गाडीही गेली."

"दुसरा टाक मंग."

पेटीच्या झाकणात जास्तीचे थोडे फ्यूज होते. जगदेवनं एक बसवला. मग थांबून त्यानं दिव्याची वायर तिथून काढली आणि दुसऱ्या फ्यूजवर, हॉर्नच्या, नेऊन जोडली. आता दिवा गेला तरी इंजिन चालू राहिलं असतं.

गाडी सुरू केली. टकटक चालू झाली. खाली दिवा लागला. हिरीबाई ओरडली, "लागला." पाणी छातीला आलंय असंही ती म्हणाली.

हात वर झाला. त्यानं क्लच सोडला. साखळी ताणली, गाडीची पाठ दबली आणि हॉर्नचा फ्यूज गेला.

ह्या वेळी इंजिन चालू होतं. गाडी जागच्या जागी साखळी धरून उभी होती, दगड खाली अधांतरी, आणि अंधार. जगदेवचा पाय क्लचवर दुखायला लागला. आरशात हिरीबाईचा हात कुठंच दिसत नव्हता. ती खाली वाकून हेमलाला काहीतरी सांगत होती आणि तो काहीतरी ओरडत होता.

"हेमलाले हात घालता येते का?" जगदेवनं खिडकीतून विचारलं.

"नाई येत," तिनं तिथूनच ओरडून सांगितलं. "पाय दगडाच्या कोन्या अंगाले हाय, समजत नाई. त्यानं हात घातला त दगड डुलते. थो म्हनते खाली ठेव."

जगदेवनं दगड पुन्हा खाली ठेवला. तो हलकेच टेकावा म्हणून त्यानं गाडी किती सावकाश मागं सोडली, हे त्यालाच ठाऊक. किंकाळी आली नाही. पण त्यानंही त्याला बरं वाटलं नाही.

तो खाली उतरला आणि पेटीसमोर उभा राहून विचार करू लागला. घाई करावीशी वाटत होती, पण करायचं काय ते ठरत नव्हतं. पंपाचा फ्यूज शाबूत होता. म्हणजे गडबड पंपात नव्हती. गडबड दिव्याकडे होती. दिव्यात पाणी शिरलं असेल. किंवा सांधा सुटला असेल.

"दिवा वर्त घ्या," तो म्हणाला.

दिवा वर ओढला. जगदेवनं त्याची काच पुसली, आत बोट घातलं. कोरडा होता. सांध्यावरची चिंधी सोडून पाहिली. तारा एकमेकींपासून दूर होत्या. त्यानं पुन्हा गुंडाळल्या, नवा फ्यूज घातला, दिवा लागला. दिवा हलवला, आपटला, तरी चालूच. दोरानं खाली सोडला. खाली पोचेपर्यंत तो लागलेलाच होता. हेमलानं तो हातात घेऊन दगडाभोवती फिरवला, तरी चालूच.

"आता झाला बरोबर," उकंडराव म्हणाले. "ओढ."

जगदेवनं ओढलं. साखळी ताणली आणि दिवा गेला.

आता उकंडराव धावतच आले. त्यांच्या हातात एक खिळा होता, बैलगाडीच्या जुवाचा, बोटाएवढा जाड. "हा घाल फ्यूजच्या जागी. हा काही वितयत नाई."

जगदेव खिळ्याकडे बघत राहिला.

"घाल ना. काय पाहून राह्यला?"

"पाटील, फ्यूज उडून राह्यला म्हंजे कोठीतरी वायर लोखंडाले लागून राह्यली. खिळा घातला त फ्यूज नाई जानार. वायर जयन."

"जयू दे. गाडी जयली तरी चालन मले. मानूस मरून राह्यला तिथी."

"गाडीसाठी नाई म्हनत मी." जगदेवचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली आणला. हिरीबाई त्यांच्याकडे बघत होती. "वायर जयली त दिवा गेला. इंजिनजोळच्या वायरी पेटल्या त इंजिन गेलं. पेट्रोलची नळी तिथूनच जाते. दगड अधांतरी असन आन गाडी पेटन. मंग दगड कोन धरन?"

उकंडरावांनी खिळा मुठीत आवळला. जगदेवलाही आपलं बरोबर आहे याची खात्री नव्हती. खिळा घातला तर कदाचित वायर तेवढा वेळ टिकेलही. दगड उचलायला आणि पाय काढायला किती वेळ लागतो? कदाचित टिकेल. कदाचित नाही. फ्यूज आता फार उरले नव्हते, आणि लखमाच्या अंगावरचं पाणी कुणाची वाट बघत नव्हतं.

हिरीबाई उठून त्याच्याजवळ आली. कोपरापासून दंडापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या बांगड्या चिखलानं माखल्या होत्या. ती एवढी तरुण असेल असं त्याला लांबून वाटलं नव्हतं.

"डायवर दादा," ती म्हणाली, "दिवा ठेवला त राह्यते. तुमी ओढलं की जाते. दर खेपेले तसंच होऊन राह्यलं."

"हो."

"मंग ओढल्यानं काय होते?"

ओढल्यानं इंजिनवर ताण येतो, हे त्याच्या मनात होतं. पण दिव्याचा इंजिनाशी संबंध आता उरलाच नव्हता. ओढल्यानं गाडी हलते. गाडी हलली की एखादी वायर आत घासत असेल. किंवा ओढल्यानं साखळी ताणते, एवढंच.

फ्यूज न घालवता हे शोधायला हवं होतं. पलटणीत एक मिस्त्री करायचा तशी एक गोष्ट त्याला आठवली. त्यानं गाडीच्या मागच्या लाल दिव्याची काच काढून आतला छोटा बल्ब घेतला. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन तारांनी तो बल्ब जोडला.

"हेमलाले सांग, दिव्यातला बल्ब काढून खिशात ठेव," तो हिरीबाईला म्हणाला. "अंधार होईन त होऊ दे थोडा वेळ."

तिनं खाली सांगितलं. मग तो उकंडरावांकडे वळला. "पाटील, तुमी अथी उभे राहा. ह्या लहान्या बल्बाकडे पाहा. खाल्ती दिवा काढला हाय, म्हंजे वीज जाले कोठी रस्ता नाई. वायर धड असन त हा पेटनार नाई. कोठी लोखंडाले लागली त पेटन. आन काही जयनारही नाई. पेटला की सांगा मले."

उकंडराव बॉनेटवर वाकले. खिळा अजून त्यांच्या मुठीत होता.

जगदेवनं गाडी सुरू केली. आधी नुसतं इंजिन जोरात फिरवलं. गाडी थरथरली.

"पेटला?"

"नाई."

मग त्यानं क्लच हळूहळू सोडला, दगड उचलण्याइतका नाही, नुसती साखळी ताणेल इतकाच. साखळी जमिनीवरून उठली आणि सरळ झाली.

"पेटला," उकंडराव म्हणाले.

त्यानं साखळी सैल सोडली. "आता?"

"विझला."

पुन्हा ताणली. पुन्हा पेटला. जगदेव आरशात साखळीकडे बघत राहिला. गाडीच्या सांगाड्यापासून निघून ती थेट चाकापर्यंत गेली होती. ती गाडीला बांधलेली होती. लोखंडाला लोखंड, आणि गाडीत वीज परत फिरते ती लोखंडातूनच. म्हणजे साखळीही गाडीच होती, आणि ते चाकही, आणि तो रूळही. इतका वेळ तो गाडीच्या आत शोधत होता आणि गाडी पार विहिरीच्या तोंडापर्यंत पसरलेली होती.

"हिरीबाई," त्यानं ओरडून सांगितलं, "चाकापाशी पाह्य. वायर कोठी हाय?"

ती काठावर सरकत गेली. तिच्या गुडघ्याखालची थोडी माती सुटून खाली गेली, पाण्यात पडल्याचा आवाज आला. उकंडरावांनी डोळे मिटले. ती थांबली, आडवी झाली, आणि हात लांब करून रूळ धरला.

"रुयाले गुंडायली हाय," ती म्हणाली. "साखयी ताणली की चाक एका अंगाले कलते. वायर चाकाच्या आन रुयाच्या मधात दबते. अथी रबर फाटलं. तांबं दिसून राह्यलं."

"काढ ते. रुयापासून दूर धर. हातानं धरली तरी काही होत नाई, भिऊ नको."

तिनं एका हातानं वेढा सोडवला. वायर रुळापासून सुटली.

"विझला," उकंडराव म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "जगदेव, साखयी ताणलेली हाय आन बल्ब विझला."

पुढचं सगळं भराभर झालं, तरी जगदेवला ते फार सावकाश वाटलं. रामकिसननं सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा आणला. उघड्या तांब्यावर तो गुंडाळून वरून सुतळीनं बांधला. वायर आता रुळावरून नेलीच नाही. एका सुक्या वेळूच्या टोकाला बांधली आणि तो वेळू हिरीबाईनं काठावर पडून, हात लांब करून धरला. जगदेवनं लहान बल्ब काढून त्या जागी फ्यूज बसवला. झाकणात आणखी एकच उरला होता. तो त्यानं खिशात टाकला.

"हेमलाले सांग, बल्ब बसव."

खालून उजेड आला. हेमला काहीतरी म्हणाला. हिरीबाईनं ते लगेच सांगितलं नाही.

"काय म्हनते?" उकंडरावांनी विचारलं.

"पानी गळ्याले आलं म्हनते. यानं त्याचं डोस्कं वर्त धरलं हाय. एकच हात मोकया हाय त्याले."

वेळू धरल्यामुळं आता तिला हात वर करता येत नव्हता. खुणा करायचं काम उकंडरावांनी घेतलं. जगदेव बसला, दोन्ही तळहात धोतराला पुसले आणि आरशात त्यांच्याकडे पाहिलं.

हात वर झाला.

साखळी ताणली. गाडीची पाठ दबली. जगदेवचे कान पंपाच्या टकटकीकडे होते आणि डोळे आरशात. दिवा त्याला दिसत नव्हता, म्हणून तो उकंडरावांच्या तोंडाकडे बघत होता. ते तोंड बदललं नाही. गाडी वीतभर पुढं गेली. मागचं एक चाक गरगर फिरलं, माती उडाली. त्यानं क्लच किंचित दाबला, पुन्हा सोडला, चाकानं जमीन धरली. आणखी वीतभर. उकंडरावांचा हात वरच होता. मग एकदम खाली आला.

त्यानं गाडी धरून ठेवली. हँडब्रेक ओढला, तरी ब्रेकवर पायही ठेवला. विहिरीतून हेमलाच्या धापा ऐकू येत होत्या, पाण्याची खळबळ, दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज. लखमाचा आवाज नव्हता. हिरीबाई बोलतच होती, पण आता तिचं बोलणं सावकाश नव्हतं. वेळू तिच्या हातात हलत होता.

"सुटला," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, जगदेवला ओठांवरूनच कळलं. मग उकंडराव ओरडले, "सुटला. धरून ठेव, सोडू नको. त्याले बाजूले घेऊ दे."

हेमलानं भावाला ओढत दगडाच्या दुसऱ्या बाजूला नेलं, तेव्हा कुठं जगदेवनं साखळी सैल सोडली. दगड बसल्याचा आवाज वरपर्यंत आला. त्यानंतर मात्र त्याला गाडीतून उतरता येईना. मांडीवर दोन्ही हात दाबून तो बसून राहिला. काही वेळानं उतरला आणि विहिरीकडे गेला.

लखमाला घोंगडीच्या झोळीत घालून, नाड्याला बांधून वर काढलं. तो शुद्धीवर होता, पण ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते, भर वैशाखात. पायाकडे जगदेवनं एकदाच पाहिलं. हिरीबाईनं आपल्या ओढणीनं पाय झाकला.

वाशीमच्या दवाखान्यापर्यंत पाटील पुढं जगदेवशेजारी बसले. मागं लखमाचं डोकं हिरीबाईच्या मांडीवर, पाय हेमलाच्या. एका ठिकाणी, कच्चा रस्ता संपून पक्का लागला तिथं, लखमानं मागून विचारलं, "पाटील, पानी कडू हाय का गोडं?"

"मले काय माईत," उकंडराव म्हणाले.

"गोडं हाय. लय पेलो मी."

हेमला हसला, आणि मग त्याला रडू फुटलं.

डॉक्टरांनी पाय काढला नाही. घोट्याची हाडं मोडली होती, दोन बोटं गेली. ते दिवस हिरीबाई दवाखान्याच्या व्हरांड्यातच होती. पहिल्या सकाळी जगदेव तिच्यासाठी आणि हेमलासाठी भाकरी घेऊन गेला. तिघं पायऱ्यांवर जेवायला बसले. जगदेवला भाकरी मोडता येईना, साखळीचं कडं लागलेलं बोट सुजलं होतं. हिरीबाईनं त्याच्या हातातली भाकरी घेतली, मोडली, तुकड्यांवर झुणका घातला आणि पानात त्याच्यासमोर सरकवली.

"पहिल्या खेपेले," त्यानं थोड्या वेळानं हेमलाला विचारलं, "गाडी मांगं सरकली तवा दगड..."

"दगड आधीच बसलेला होता," हेमला म्हणाला. "बैलाच्या वेळी. हाड तवाच मोडलं."

ते खरं होतं की त्याच्यासाठी सांगितलेलं, जगदेवला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

उकंडरावांनी त्या विहिरीचं काम लगेच थांबवलं. वरच्या मातीच्या भागाला आधी दगडी बांधकाम करून घेतलं, मगच पुढं खणायला दिलं. पाऊस तोंडावर आला होता म्हणून लोक म्हणाले, आता काय घाई, पुढच्या वर्षी पाहू. उकंडरावांनी ऐकलं नाही. बांधकाम होईपर्यंत त्यांनी कुणाला खाली उतरू दिलं नाही, स्वतःच्या मुलालाही नाही.

खणायला हेमलाच आला. लखमा काठी घेऊन काठाशी बाजेवर बसायचा आणि खाली उतरणाऱ्याला काय करायचं, काय नाही ते सांगायचा. विहिरीत तो पुन्हा उतरला नाही. हिरीबाई चाकापाशी असायची. टोपलं वर ओढायच्या आधी ती वाकून एकदा चाकाकडे बघायची, मग खाली, आणि मग ओढणाऱ्यांना सांगायची, "चाला."